शेवटच्या शब्दावरचा कंप

पाइन ब्लफ, आर्कान्सा
२ फेब्रुवारी १९५४

चि. व्हर्लीन हिस,
आजी हेस्टरचे पोटभर आशीर्वाद.

तबकडी पाठवायची आठवण ठेवलीस, पण ती वाजवायचं यंत्र आजीकडे कधीच नव्हतं, हे शिकागोच्या सहा वर्षांत विसरलीस? बरं, आजी आहे एवढं तरी लक्षात आहे. शेवटी मिसेस टिलमन, ज्या माझी पत्रं लिहितात आणि त्यातल्या शिव्या गाळतात, त्यांना घेऊन गॅडिसनच्या दुकानात गेले. तो मयताच्या पेट्या विकतो, पण गल्लीतला चांगला ग्रामोफोन त्याच्याचकडे. पेट्यांमध्ये बसून नातीचा सॅक्सोफोन ऐकला.

तुझं पत्रही वाचून घेतलं. तुझे बँडवाले मिस्टर क्रेनशॉ म्हणतात, सूर थरथरवणं ही म्हाताऱ्यांची खोड, हल्ली सरळ वाजवतात. पंधरा तारखेच्या रेकॉर्डिंगला सूर हलवलास तर तुझी खुर्ची दुसऱ्याला. त्यावर तू चिडून एकूण एक सूर हलवलास, आणि तेच तबकडीवर भरून मला पाठवलंस, शाबासकी मिळेल म्हणून.

शाबासकी नाही. ओल्या कोंबडीने अंग झाडावं तसं वाजवलंयस. तुझा राग माझ्यापर्यंत पोचला, गाणं शिकागोतच राहिलं. त्या गाण्यातली बाई परत न येणाऱ्या नवऱ्याचं ताट मांडते ना? मग पहिल्या शब्दापासूनच कशी रडेल ती? मिसेस टिलमनना शब्द ठाऊक होते, त्यांनी म्हणून दाखवले. तुला येतात का? बोटांना येतात, हे उत्तर चालणार नाही.

माझं ऐक. चाळीस वर्षं चर्चमध्ये ओळ आधी मी म्हणते आणि मागून सगळे गातात. पुस्तक न उघडता. उघडून तरी मला काय वाचता येणार होतं! शब्द सरळ धरायचा, काठोकाठ भरलेली बादली न्यावी तसा. जबडा सैल, श्वास पोटातून. श्वास सरत आला, आता धरवत नाही असं झालं, की मग हलू द्यायचा. आधी हळू, मग रुंद. तो कंप कोणी घालत नाही गं, आपण फक्त अडवायचं सोडतो.

आमच्याकडेही एक क्रेनशॉ आलाय. नवे गायनमास्तर, ब्रदर हॉलिस. माझ्या गळ्याच्या थरथरीने म्हणे त्यांची मंडळी बिघडतात, तेव्हा मी मागच्या बाकावर बसावं. बसले. तिथूनच ओळ म्हटली. अख्खं चर्च माना वळवून माझ्यामागे गाऊ लागलं. मास्तर एकटेच पुढे तोंड करून उभे.

तेव्हा तुझा क्रेनशॉ सांगतो म्हणून कंप काढू नकोस, आणि त्याला चिडवायला घालूही नकोस. माया आहेच. उत्तर लांबलं तर ती आटेल, असं लिहायला सांगितलंय. मिसेस टिलमन हसतायत.

तुझी,
आजी

शिकागो
१७ फेब्रुवारी १९५४

ती. आजीस,
व्हर्लीनचा सा. न.

शब्द पाठ केले. बसची वाट बघताना मोठ्याने म्हणत होते, तर शेजारच्या बाईने हळूच विचारलं, की नवरा कधी सोडून गेला.

परवा रेकॉर्डिंग झालं. तू सांगितलंस तसंच वाजवलं. सुरुवातीचे सरळ सूर ऐकून मिस्टर क्रेनशॉ मान डोलवत होते. पोरगी वठणीवर आली असं वाटलं त्यांना. ओळीच्या शेवटच्या शब्दावर सूर हलला आणि त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मला थंडी वाजतेय का, असं विचारलं. मी म्हटलं, मला नाही, गाण्यातल्या बाईला वाजतेय. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी म्हणाले, आता सरळ, नाहीतर खुर्ची त्या दुसऱ्या सॅक्सोफोनवाल्या डाल्टनची.

आजी, खोटं कशाला सांगू, सरळ वाजवून मोकळं व्हावं असं वाटलं. सहा वर्षं झिजलेय त्या खुर्चीसाठी. पण ताट मांडून झाल्यावर ती बाई दाराकडे बघते, तिथे मला सरळ वाजवताच येईना. शेवटचा सूर श्वास संपेपर्यंत हलू दिला. पियानोवाले म्हातारे मिस्टर रफिन चष्मा पुसत बसले. क्रेनशॉ म्हणाले, सुंदर. आता हेच कंपाशिवाय. मी सॅक्सोफोन पेटीत ठेवला आणि डाल्टनला खुर्ची पुसून दिली.

रेकॉर्डवर माझं नाव येणार नाही. रफिन दर गुरुवारी सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरच्या एका लहानशा गुत्त्यात वाजवतात, तिथे ये म्हणाले. रागावली असलीस तर लिही, नसलीस तरी लिही. डोक्यावरचा हात काढू नकोस.

तुझी,
व्हर्लीन

पाइन ब्लफ
२६ फेब्रुवारी १९५४

चि. व्हर्लीन हिस,
अनेक आशीर्वाद, आणि एक जास्तीचा.

काल संध्याकाळी त्या गुत्त्यातून तू गॅडिसनच्या दुकानात फोन लावलास, तेव्हा तो दुकान बंद करायच्या घाईत होता. मी म्हटलं, तुझ्या गिऱ्हाइकांना कुठे जायचंय? मग निमूट बसला. मी फोन कानाला दाबून तुझा सॅक्सोफोन ऐकत राहिले. शेवटचा शब्द आला. सरळ आला, थांबला, मग हलला. मी काही बोलेना, म्हणून फोन तुटला असं वाटलं ना तुला? तुटला नव्हता.

मी रागावेन कशाला? रेकॉर्डवर तुझं नाव छापलं असतं, तरी मला कुठे वाचता आलं असतं? तुझा सूर मात्र मी आता कुठेही ओळखेन. क्रेनशॉला सांग, हेस्टरबाईंच्या घरात सरळ सूर फक्त चहाची किटली लावते.

तरी ताटाच्या ओळीआधी उगाच श्वास घेतलास. पुढच्या गुरुवारी तो नको.

लोभ तर आहेच, पण नुसत्या लोभावर पोट भरत नाही. गाडीवरच्या ओळखीच्या पोर्टरबरोबर तुमच्या तलावातले धुरी दिलेले मासे पाठव. सहा. डोक्यासकट.

तुझी,
आजी