जवळचा नातेवाईक

प्रिय ताई,

पाकिटावर माझा पत्ता शोधू नकोस, लिहिलेलाच नाही. टपालाच्या शिक्क्यावरही जाऊ नकोस. मी इस्त्री करते त्या लॉन्ड्रीचा टेम्पो लांब लांब जातो, त्याच्या ड्रायव्हरला वाटेत कुठेतरी पेटीत टाकायला सांगितलंय. धाकटी भलतीच चलाख झाली म्हणशील. मार खाल्ला की होतं माणूस चलाख.

काल लॉन्ड्रीतल्या टीव्हीवर तू दिसलीस. खासदारबाई झालीस तरी चष्मा नाकावरून घसरतोच! खासगी माहितीच्या कायद्यात सोमवारी दुरुस्ती मांडणार म्हणालीस. यापुढे कुठलंही हॉस्पिटल जवळच्या नातेवाइकापासून रुग्णाची माहिती लपवू शकणार नाही. मला बाबा आठवले. ते आत होते आणि खिडकीतली बाई 'माहिती देता येत नाही' एवढंच घोकत होती. ते गेल्याचं आपल्याला दुसऱ्या दिवशी कळलं. हा कायदा बदलायलाच हवा, असं तेव्हा रडत रडत मीच म्हणाले होते. तू शब्द पाळलास, ऊर भरून आला माझा. मग एकदम लक्षात आलं आणि हातातली इस्त्री शर्टावर तशीच राहिली.

ताई, कायद्याने माझा सगळ्यात जवळचा नातेवाईक माझा नवरा आहे. मागच्या वेळी मोबाइलच्या दुकानात गोड बोलून त्याने माझा नि लेकीचा पत्ता काढला होता. आता गोड बोलायचीही गरज नाही, नुसता अर्ज पुरेल. तुझ्याकडेही डोळ्यांत पाणी आणून येत असेल, आणि तू चहा दिल्याशिवाय सोडत नसशील. तुझा तरी काय दोष? हात मोडला तेव्हा मीच तुला सांगितलं होतं, जिन्यावरून पडले म्हणून.

माझ्या चिमणीच्या कानातून पू येतोय गं. आणखी लांबवलं तर ऐकू येणं जाईल, असं डॉक्टर म्हणतात. ऑपरेशनची तारीख मंगळवारची आहे. तिचं नाव नोंदवलं की आम्ही कुठे आहोत तेही तिथे कायमचं लिहिलं जाणार, आणि तुझा कायदा झाला की तो ते मागणार. मी तुझ्या पाया पडते, त्या कलमात एकच वाक्य घाल: रुग्णाने किंवा त्याला घेऊन आलेल्याने ज्याला सांगू नका म्हटलं, त्याला सांगायचं नाही. बाबा कधी असं म्हणाले नसते, आपल्याला कळलंच असतं. तुला उत्तर पाठवता येणार नाही, म्हणून सोमवारी मी टीव्हीपुढे असेन. ते वाक्य तुझ्या तोंडून ऐकलं तरच मंगळवारी तिला नेईन. डाव्या बाजूने हाक मारली तर ती आता वळून बघत नाही.

तुझ्यावरच भिस्त ठेवून असलेली,
तुझीच,
धाकटी