जुन्या धोतराची चड्डी

सौ. शिवकन्या हिस,
उसाच्या फडातून रामप्रसादची आठवण. आमी खुशाल हावोत. फोनवर सारी टोळी ऐकते, म्हणून लिहून पाठवतो.

दवानं भिजलेली पँट घालून ऊस तोडता तोडता मांड्या काचल्या. तू दिलेली जुन्या धोतराची चड्डी घालायची लाज वाटली, म्हणून बैलगाडीचं वंगण लावलं. हसू नको! चार दिवसांत बोराएवढं गळू आलं आन कोयता दोन दिवस बंद ठेवावा लागला.

टोळीतल्या भामाक्कानं लई शिव्या दिल्या. वंगण साबणानं धुवायला लावलं, गळू पिळू दिलं न्हाई, गरम पाण्याच्या फडक्यानं शेकायला लावलं. ते आपोआप फुटलं, आता नुसती खपली हाय. चड्डी रोज धुऊन, वाळवून घालतो. काल मुकादमानं इचारलं, कुठून आणलीस?

बाळानं मान धरली का? तुझी कंबर कशी हाय?

गेल्या साली तुझ्या मांड्या काचल्या, तू मागं पडली, तवा मी सगळ्यांसमोर तुझ्यावर वरडलतो. तू घरी येऊन चड्ड्या शिवल्यास, त्यात एक माझ्या मापाची.

तुझाच,
रामप्रसाद