जिना चढून जाणारा सूर

५ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझं बोलणं तुम्हाला कळत नाही आणि माझं ओरडणं शेजाऱ्यांना सोसत नाही, म्हणून हे पत्र. वीस तारखेला माझा पहिला कार्यक्रम आहे. मंचावर मी, एक टेबल आणि एक लॅपटॉप, वाद्य नाही. मी ओळी टाइप करते आणि त्यातून सूर निघतो, ओळ बदलली की सूर बदलतो. सध्या ‘अ‍ॅसिड’ नावाच्या बेसच्या मागे लागले आहे. काकूला सांगा, नाव तेवढं भयंकर, हात भाजत नाहीत. आधी करवतीच्या दात्यांसारखा खरखरीत सूर घ्यायचा, मग त्याला फिल्टर लावायचा. फिल्टरचा आकडा वाढवला की सूर तोंड उघडतो, कमी केला की मिटतो. ही उघडमीट नीट जमली की तो बोलायला लागतो म्हणतात. माझा अजून नुसत्या जांभया देतोय.

बेस गिटारवर बोट कसं ठेवायचं हे तुम्ही शिकवलंत, म्हणून पहिल्यांदा तुम्हालाच ऐकवायचं होतं. काकूच्या फोनवर पाठवलंय. काय वाटलं ते न लपवता कळवा, आणि वीस तारखेला या. तुम्ही समोर नसाल तर मी कोणासाठी वाजवतेय हेच मला समजणार नाही.

तुमचा लोभ भरपूर आहे हे माहीत आहे. आटू देऊ नये.

तुमची,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

ऐकलं. फार छान जमलंय, विशेषतः शेवट. त्याला हात लावू नकोस.

येण्याचं मात्र राहू दे. आजारपणात कानांतून वरचे सूर गेले ते गेले. गिटार माळ्यावर टाकली, तेही मी फार मनाला लावून घेतलेलं नाही. पण सगळे डोलत असताना शेजारच्याकडे बघून आपणही मान हलवायची, हे मला जमायचं नाही. तू मन लावून वाजव आणि जेवणाची हेळसांड करू नकोस.

पत्र टाकत जा, वाट बघायला मला आवडतं.

काका


१० फेब्रुवारी

चि. भिंगरी,
आशीर्वाद.

हे पत्र त्यांना न सांगता लिहितेय. तुझं गाणं त्यांनी ऐकलेलं नाही. फोन कानाला धरून, डोळे मिटून, अगदी जाणकारासारखे बसले होते. संपलं हे मी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, तेव्हा कुठे डोळे उघडले. मग म्हणाले, शेवट छान आहे. मी म्हटलं, असणारच, शेवटी मीच तर हात ठेवला. तू हिरमुसशील म्हणून बोलले ग, रागावू नकोस.

एरवी मी चुगली केली नसती. पण अजूनही संध्याकाळी त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालत असतात. बघ, तुला काही करता आलं तर.

माया पातळ होऊ न देणारी,
काकू


१२ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही वाखाणलेला शेवट मी जिवापाड जपत होते. आता काकूने चुगली केली आहे. तिला काही बोलू नका, चूक माझी. फोनमधून खालचे सूर निघत नाहीत आणि तुम्हाला वरचे ऐकू येत नाहीत. तुमच्या वाट्याला काही उरलंच नाही.

सोबत माझा मोठा स्पीकर पाठवतेय, माझं हेडफोनवर भागेल. तो काकूच्या फोनला जोडून टेबलावर ठेवा आणि तळहात टेबलावर टेकवून ऐका. तुम्हाला ऐकू येतं तिथेच फिल्टरचा आकडा थांबवीन, सुराला वर जाऊच देणार नाही. पण या.

रागावलेली नाही, पण खरं ऐकायला अधीर,
भिंगरी


१६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

स्पीकर मिळाला. काकूने आधी कपाटावरच्या काचेच्या बरण्या उतरवल्या, मग मला परवानगी दिली. ऐकलं, या वेळी खरंच. खालचा सूर स्वच्छ येतो. मग तो जिना चढायला लागतो, थोड्या पायऱ्या मी मागोमाग जातो आणि तो वरच्या मजल्यावर दिसेनासा होतो. मी खाली उभा. जरा वेळाने तो आपला आपण उतरून येतो. आजारपणानंतर गेलेलं काही परत येताना मी पहिल्यांदाच ऐकलं. तेव्हा त्याला वर जायची बंदी करू नकोस. माझ्यासाठी जिना पाडायचा नाही.

आता कान उपटतो. तुझे सगळेच सूर एकमेकांवर घसरतायत. बोट न उचलता सरकवायची गंमत मीच शिकवली, पण ती मिठासारखी वापरायची. ज्या सुरावर जोर आहे, त्याच्या आधीचा तेवढा सरकव, बाकीचे तोड. मग बघ बोलतो की नाही. आणि शेवट वाईट आहे.

येतो. मंचाच्या स्पीकर-बॉक्सजवळची खुर्ची धरून ठेव. त्या ओळी लिहितात कशा, तेही जवळून बघायचं आहे. मला आठवण ठेवून ऐकायला बसवलंस, हे मी विसरणार नाही.

काका


२८ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आभार मानले तर तुम्ही ओरडाल, तरी मानते. तुम्ही सांगितलंत तसे सूर तोडले आणि बेस बोलायला लागला. लोक बॉक्सपासून लांब सरकत होते आणि तुम्ही खुर्ची पुढे ओढत होता, ते मी मंचावरून पाहिलं. 

आज तुमचं पाकीट आलं. कार्यक्रमाबद्दल एक अक्षर नाही, नुसत्या सहा ओळी, माझ्या लॅपटॉपवर बघून गेलात तशा, हाताने लिहिलेल्या. टाइप केल्या. एक कंस बंद करायचा राहिला होता, तो केला. हेडफोनात नुसती घरघर आली. फिल्टर इतका खाली की सूर तोंड उघडतच नाही. आकड्यातलं एखादं शून्य लिहायचं राहिलं असेल असं वाटून बोट उचललं आणि थांबले. तुम्ही सूर सबंध तुमच्या मजल्यावर बसवला आहे. तो कुठेच दिसेनासा होत नाही.

कार्यक्रमाच्या हॉलवर जाऊन मोठ्या बॉक्सवर लावला. आवाज सांभाळणाऱ्याने विचारलं, काही बिघडलंय का, आकडा वाढवू का. मी सांगितलं, बिघडलेलं नाही, माझ्या काकांनी बसवलंय, ते असंच आहे.  तो बूट काढून लाकडी मंचावर आला, तळपाय टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, पुन्हा लाव.

काकूला नमस्कार. लोभ आणि ओळी, दोन्ही येऊ द्यात.

तुमची,
भिंगरी