हवेच्या गादीला टाके

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठातली निम्मीच अंगं जमिनीला पोचली, बाकीची पोचली असं समजून घे.) तुझी तब्येत, भावोजींचा गुडघा आणि तुझं दुकान, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक आहे. पत्राच्या सुरुवातीला असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचून ते खोटं वाटलं तर दोष मला देऊ नकोस.

तू पाठवलेली हवेची गादी पोचली. ती मागवताना मी घाईत चार ओळीच लिहिल्या होत्या, म्हणून आता नीट सांगतो. अप्पांचं कमरेखालचं अंग गेल्यापासून ते उताणेच पडून असतात. रक्तदाब बघायला येणाऱ्या नर्सबाईंनी एक दिवस त्यांना कुशीवर केलं, माकडहाडावरच्या लाल डागावर बोट दाबलं, उचललं, आणि मला जवळ बोलावून दाखवलं. दाबल्यावर डाग क्षणभर फिका पडायला हवा, तो पडला नाही. म्हणजे कातडी अजून शाबूत आहे, पण तिथला भार हटला नाही तर जखम होणार, आणि अप्पांच्या वयात अशी जखम भरत नाही, वाढते. जन्मभर लोकांना मऊ झोपवणाऱ्या माणसाला त्याने स्वतः भरलेल्या गादीने खावं, हे मला सहन होईना. म्हणून तुला लपून कळवलं. लपून अशासाठी, की तू कापूस सोडून फोमच्या गाद्यांचं दुकान काढलंस त्या दिवशी अप्पांनी तुझं नाव टाकलं ते टाकलंच. अजून तुझा विषय निघाला की ते ‘ती स्पंजवाली’ म्हणतात, आणि तेही भिंतीकडे बघून.

खोकं आलं तेव्हा आपलं ठरल्याप्रमाणे मी सांगितलं की दवाखान्यातून गादी आली आहे. अप्पांनी खोक्याकडे बघून विचारलं, गादी कुठाय, हे तर बुटांचं खोकं दिसतंय. त्यांचंही चूक नाही. आपल्या दुकानातून गादी निघायची म्हणजे दोन माणसं, एक हातगाडी आणि निम्मी गल्ली लागायची. शिवाय गादी घरात नेऊन टाकली म्हणजे काम झालं, असं अप्पांनी कधी मानलं नाही. काही दिवस गेले की गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, त्याला गादीवर झोपायला लावायचं, कमरेच्या जागी गादीखाली हात सरकवायचा आणि डोळे मिटून थांबायचं. हाताला पटलं तर गादी पोचली, नाहीतर उसवून पुन्हा भरायची. (या फेरीला ते तुलाच न्यायचे. पोरीचा पंजा माझ्यावर गेलाय, असं गिऱ्हाइकांना सांगायचे. माझा पंजा आईवर गेला, म्हणून मी घरी बसून कापसात शिंकत राहिलो.) असो. मी कात्रीने खोक्याची सुतळी कापली, तर अप्पा माझ्यावर खेकसले. गाठ सोडायची असते, कापायची नसते, एवढं या वयातही कळू नये म्हणजे काय, वगैरे. मग सुतळी मागून घेतली, गाठीसकट उशीखाली ठेवली. पडून असलेला माणूस काय काय जमवतो, असं मनात म्हणून मी पंप लावायला घेतला.

पंप घुरघुरायला लागला, गादीचे फुगे एकाआड एक फुगू-बसू लागले, आणि अप्पांनी जाहीर केलं की आपल्याला झोपायचं आहे, कुठे जायचं नाही. गादी माणसाखाली गप्प पडून राहिली पाहिजे, असं त्यांचं मत. ही सारखी कूस बदलते म्हणून त्यांना तिचा संशय. मी समजावलं की तुम्हाला कूस बदलता येत नाही म्हणून तुमच्या वतीने ती बदलते. त्यावर त्यांनी हात फिरवून गादी चाचपली. मला वाटलं पटलं. मग म्हणाले, बरं, हिला राहू दे खाली, वर आपली घाल. झालं. मी आणि तुझ्या भावजयीने अप्पांनी भरलेली ती कापसाची जाडजूड गादी तुझ्या गादीवर चढवली, तिच्यावर अप्पांना चढवलं, आणि पलंगाची उंची अशी झाली की पाणी द्यायला मला स्टुलावर उभं राहावं लागे. नर्सबाई आल्या, त्यांनी त्या डोलाऱ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, हवा नेमकी कुणाला घालताय, अप्पांना की कापसाला? कापूस उतरवला. अप्पांनी दोन दिवस अबोला धरला. (तोही नर्सबाईंशी नाही, माझ्याशी.)

आता जे सांगतो ते दुसऱ्या कुणाच्या घरात घडलं नसतं. रबरी गादीवर चादर ठरत नाही, सरकते, तिच्या चुण्या पडतात, आणि चुणी त्या डागाखाली आली की आणखी वाईट. दुसऱ्या कुणी चादरीची टोकं खाली खोचली असती. पण अप्पा पडल्यापडल्या म्हणाले की टाके नाहीत म्हणून सरकतंय, टाक्यांशिवाय गादी म्हणजे काय गादी. आणि ताई, ते ऐकल्यावर माझं डोकं चाललंच नाही, फक्त हात चालला. मी दाभण काढलं, दोरा ओवला, अप्पा वर असतानाच पायथ्याशी खाली वाकलो आणि चादर गादीला टाचायला घेतली. पहिला टाका सुरेख बसला. (अप्पांनी मान वळवून पाहिला आणि ‘हं’ म्हणाले. माझ्या टाक्याला त्यांनी ‘हं’ म्हटल्याचं मला तरी आठवत नाही, म्हणून मी हुरूपाने पुढचे घातले.) थोड्या वेळाने तुझी भावजय आतून विचारू लागली की शिट्टी कसली वाजतेय. मी म्हटलं कुकरची असेल, गॅस बारीक कर. ती म्हणाली कुकर लावलेलाच नाही. तोवर अप्पा हळूहळू खाली चालले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसत होतं. आता कशी गादीसारखी लागतेय, असं ते म्हणाले, आणि पलंगाच्या फळीला टेकले.

गादी घेऊन सायकलच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने ती पाण्यात दाबून बुडबुडे शोधले, आणि भोकं एका ओळीत, सारख्या अंतरावर बघून विचारलं की हे मुद्दाम केलंय का. मी म्हटलं, पिढीजात आहे. त्याने ठिगळं लावली, पण नीट वाळू द्या, लगेच हवा भरू नका, असं बजावलं. तोवर अप्पा पुन्हा कापसावर, आणि त्यांना थोड्या थोड्या वेळाने कुशीवर करून पाठीला उशी लावायचं काम आम्हा दोघांकडे. माझी कंबर धरली ती यातच. तुला वाटेल तक्रार करतोय. तक्रार नाही. पण एवढ्या ओझ्याच्या गाद्या खांद्यावरून नेणारा माणूस, त्याला उचलताना हाताला काहीच लागत नाही, याची मला भीती वाटली. कुशीवर वळवताना ते डोळे घट्ट मिटून घेतात. एकदा म्हणाले, तुझी झोप मोडतो रे. मी म्हटलं, तुम्हीच भरलेल्या गादीवर झोपतो, लगेच लागते. हे खरं आहे, तरी सांगताना मी त्यांच्या पाठीची उशीच नीट करत राहिलो. त्या दिवसांत डाग जरा काळवंडला. नर्सबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या रागावल्या नाहीत.

गादी परत फुगली, अप्पांना वर निजवलं. नर्सबाईंनी पंपाचा कान पिळून हवा बेताची केली, मग अप्पांच्या कमरेच्या जागी गादीखाली हात सरकवला, तळवा वर करून, आणि दुसरीकडेच बघत थांबल्या. अप्पांनी मान वळवली. इतके दिवस त्या बाईंना त्यांनी काही विचारलं नव्हतं. आता विचारलं, ‘‘काय लागलं हाताला?’’ त्या म्हणाल्या, हाड लागत नाही, मध्ये हवा आहे, ठीक आहे. अप्पांनी पुन्हा विचारलं की असं बघायला कोणी शिकवलं. त्या म्हणाल्या, असंच बघतात. त्यानंतर अप्पांनी गादीला नावं ठेवणं बंद केलं. फक्त रोज सकाळी मला खाली हात घालायला लावतात, आणि मी ठीक आहे म्हटलं की, तुझ्या हाताला काय कळतंय, असं म्हणून तोंड फिरवतात.

तेव्हा काळजीचं कारण नाही. तू दुकान टाकून येऊ नकोस, प्रवास लांबचा आहे, आणि इथे आलीस तर भिंतीकडेच बघतील, मग तुला वाईट वाटेल. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. गादीची हमी आहे का, हे कंपनीला विचारलंस तर दाभणाचा विषय काढू नकोस. उंदीर म्हणावं.

ता.क. २. हे पत्र लिहिताना अप्पांनी कुणाला लिहितोयस असं विचारलं. मी म्हटलं, गादीबद्दल दवाखान्याचे आभार मानतोय. त्यांनी उशीखालून ती सुतळी काढली, गाठ माझ्यापुढे धरली आणि विचारलं, अशी गाठ दवाखान्यात कोण मारतं? ती आपल्या दुकानाची गाठ होती, त्यांनीच तुला शिकवलेली. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. मग म्हणाले, ‘‘लिही तिला. गादी पाठवली, पण हात घालून बघायला कोणी आलं नाही. दुकानाची रीत विसरली का म्हणावं. तोवर गादी पोचली असं मी धरत नाही.’’

ता.क. ३. म्हणून वर ‘गादी पोचली’ आणि ‘येऊ नकोस’ असं जे लिहिलंय, ती दोन्ही वाक्यं खोडलेली समज. दाभणानंतर तुझी भावजय मला टोकदार काहीच हातात देत नाही, हे पेनसुद्धा मागून आणलंय. डाग अजून तसाच काळवंडलेला आहे, कमी नाही, जास्त नाही. अप्पांना स्वतःच्या अंगाखाली हात घालता येत नाही, आणि माझा त्यांना चालत नाही. तू ये.