हलगीखालचा आवाज

रोहिणी,

पैंजणांचा माल आणायला हुपरीच्या बसनं निघालोय. दुपारी येतो. पोहे झाकून ठेवल्यात, खा.

आईकडनं तू गाऊन घेतलेलं गाणं हेडफोन लावून तीनदा ऐकलं. न विचारता ऐकलं, रागावू नगंस. समद्या गाण्यावर मिळून तू त्यो कम्प्रेसर लावलायस न्हवं? मोठा आवाज आला की त्यो दाबतोय, असं तूच सांगितलंतंस. पण हलगी कडाडली की तिच्यासंगं आईचा आवाजबी खाली बसतोय, आणि हलगी थांबली की हळूच वर येतोय. मला तुझ्यातलं काय कळत न्हाय, पण त्यो नुसत्या हलगीवर लावून बघ की.

घरात मी आवाज चढवला की आई अशीच गप बसती. चपला घालून जिन्यात गेलो की आतनं गुणगुणणं सुरू. परवाबी तसंच झालं, तू हुतीस. तीस वर्सं जिन्यातनं ऐकतोय, पण ध्यानात आलं आज, तुझ्या हेडफोनात.

गाण्यातली हलगी तू आवर. घरातली मी आवरतो.

आप्पा