आधी गाठोड्याचं नाव

तीर्थस्वरूप ताई,

धाकटीचा वाकून नमस्कार. (तू समोर असतीस तर "पाठ सरळ ठेव" म्हणाली असतीस. ठेवली आहे.) गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना, की बाटली उशाशी नुसती सोबतीला असते? इथे सगळं ठीक आहे. 'सगळं' हा शब्द पुढे मला खोडावा लागणार आहे, पण शाळेतल्या चष्मेवाल्या सिस्टरनी पत्राची सुरुवात अशीच करायला शिकवली होती, आणि त्यांनी घोटून घेतलेली गोष्ट या वयातही मोडवत नाही.

हवामान कचेरीत मी एकतीस वर्षं नेमकं काय करत होते, हे तू दर सुट्टीत विचारायचीस आणि उत्तर संपायच्या आत उठून जायचीस. आज सांगतेच. मी आज्ञा देत होते. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ. ना चित्र, ना बटण. आपण एका ओळीत आज्ञा टाइप करायची आणि यंत्राने ती पाळायची. वसतिगृहात तू मुलींना द्यायचीस तशीच. फरक एवढाच, की मुली "का पण?" असं विचारायच्या. यंत्र विचारत नाही, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

या आज्ञा वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी बनवल्या, आणि त्या माणसांचं एकमेकांशी बोलणं नसावं असा माझा कयास आहे. एका आज्ञेत 'आर' हे अक्षर घातलं की 'आतलं सगळं घेऊन' असा अर्थ होतो, दुसरीत तेच घातलं की यादी उलटी येते. एकीला लहान लिपीतला 'पी' चालतो, तिच्या सख्ख्या बहिणीला मोठ्या लिपीतलाच हवा. (सख्ख्या बहिणींत असं असतं, हे तुला मी सांगायला नको.) दोन फायलींची जोडणी करायची आज्ञा आहे, तिच्यात कुठलं टोक आधी ते आमच्या मोठ्या साहेबांनाही आठवायचं नाही. एवढे विद्वान गृहस्थ, पण चष्म्याच्या डबीत चिठ्ठी. चष्मा विसरला असं म्हणून ते डबी उघडायचे तेव्हा चष्मा नाकावरच असायचा. आम्ही सगळे खिडकीबाहेर बघायचो.

आता मुख्य दोन आज्ञा. एक 'सीपी', म्हणजे प्रत काढणे. तिला आधी जुन्या फाईलचं नाव सांगायचं, मग नव्या प्रतीचं. दुसरी 'टार', म्हणजे गाठोडं बांधणे. तिला आधी गाठोड्याचं नाव सांगायचं, आणि मग त्यात काय बांधायचं ते. बरोबर उलट. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी बजावायचे, "आधी गाठोड्याचं नाव. चुकून उलट सांगितलंत, तर ज्या फाईलला जपायला निघालात तिलाच यंत्र पुसून काढील आणि तिच्या जागी गाठोडं ठेवील." चाळीसेक जणांना तरी मी हे शिकवलं असेल. निवृत्तीच्या भाषणात या वाक्याचा उल्लेख झाला होता आणि टाळ्या पडल्या होत्या.

ताई, मंगळवारी दुपारी तुझ्या पुस्तकाचे शेवटचे चार कागद पोस्टाने आले. निळी शाई, थोराड अक्षर, ओळी थोड्या चढत गेलेल्या. (डोळ्यांचं ऑपरेशन आणखी लांबवू नकोस.) मी हात धुऊन टाइप करायला बसले. वसतिगृहाची चौतीस वर्षं, तू सहा वर्षं लिहीत होतीस, आणि संपलं. मी फाईल बंद केली, डोळे पुसले आणि ठरवलं की आता हे नीट बांधून ठेवायचं. टार लिहिलं, पुस्तकाचं नाव लिहिलं, गाठोड्याचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं.

यंत्राने एकच ओळ लिहिली, की गाठोडं नावाची वस्तू इथे सापडत नाही. मी हसलेसुद्धा. म्हटलं, अगं, सापडेल कशी, तुलाच करायची आहे ना. मग पुस्तक उघडलं. बाहेर नाव तुझ्या पुस्तकाचंच होतं. आत एक अक्षर नव्हतं.

कागद ठेवू नकोस, डोळ्यांना धूळ बाधते, माझ्याकडे सगळं सुरक्षित आहे, असं तुला मीच सांगितलं होतं. आणि कुणाचं म्हणून न ऐकणारी तू तेवढं ऐकलंस. पाठवून झालेला प्रत्येक कच्चा खर्डा फाडलास. इकडे आलेले कागदही मी महिन्याच्या महिन्याला रद्दीत घालत होते. आता माझ्यापाशी फक्त ते शेवटचे चार असायला हवे होते. तेही मी टाइप करून झाल्यावर, त्याच खुर्चीत बसून, शिस्तीने, उभे-आडवे फाडले होते.

मी शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांना फोन केला. (तेही आता निवृत्त आहेत, पण आम्ही अजून त्यांना शेजारच्या खुर्चीतलेच म्हणतो.) मी म्हटलं, "आधी पुस्तक लिहिलं, मग गाठोडं." ते म्हणाले, "बाई, तुम्ही?" आणि आवाज खाली आणून, "मीही मागच्या वर्षी हेच केलं. घरात बोललेलो नाही." लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, अगं लोक आता फाईल बोटाने उचलून दुसरीकडे ठेवतात. तुला कोणी सांगितलं होतं काळ्या पडद्यावर जायला?" अभिमानाने सांगितलं होतं, दुसरं कोणी नाही. पण लेकीला हे कसं सांगणार?

दोन दिवस मी तुला फोन केला नाही. फोनवर तू "हं" म्हणाली असतीस, आणि तुझं ते "हं" मला अजून सोसत नाही. म्हणून हे पत्र. ताई, तुझं पुस्तक माझ्या हातून गेलं. माफी मागायलाही तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
धाकटी

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र पुन्हा बाहेर काढते आहे. पुस्तक सापडलं. मी ज्यात टाइप करते तो प्रोग्राम आधीची एक प्रत आपणहून बाजूला ठेवतो, नावापुढे नागमोडी रेघ ओढून. या रेघांची गर्दी नको म्हणून मीच बारा वर्षांपूर्वी यंत्राला सांगून त्या नजरेआड केल्या होत्या आणि विसरून गेले होते. पाच वर्षं अकरा महिन्यांचं सगळं लिखाण जसंच्या तसं आहे. नाही ते फक्त मंगळवारचं, म्हणजे शेवटचं प्रकरण. वरचं पत्र तरीही पाठवते आहे. पुन्हा एवढं लिहवणार नाही.

ता. क. २. खरं तर ते प्रकरणही मला पाठ आहे, तासाभरात लिहून काढता येईल. त्यात तू लिहिलं होतंस, की धाकटी नोकरीसाठी गाव सोडून निघाली त्या सकाळी तू कोठीघराची मोजदाद करत होतीस, त्यामुळे फाटकापर्यंत येणं झालं नाही. मी ते तसंच टाइप केलं, काना-मात्रा न बदलता. पण ताई, तू वरच्या गच्चीवर होतीस, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे. रिक्षा वळेपर्यंत मला तुझी पावलं दिसत होती. इतकी वर्षं बोलले नाही. माझी खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे, खाट खिडकीशी घेतली आहे. महिनाभर ये आणि शेवटचं प्रकरण समोर बसून सांग. कोठीघर म्हणालीस तर कोठीघर टाइप करीन.