रुमाल टाकून धरलेली जागा

दापोडे
सोमवार

प्रिय गुरबीर,

हे वाचून लगेच फोन करू नकोस. फोनवर तू हसतोस, विषय बदलतोस, आणि मी फोन ठेवते तेव्हा मूळ प्रश्न जागच्या जागी असतो. मेसेज तर तू वाचल्याबरोबर पुसून टाकतोस. म्हणून पत्र. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, आमच्या कंपनीच्या पाकिटातून पाठवते आहे. वरून ते गोदामातल्या रॅकच्या तपासणीचं पत्र वाटेल, त्यामुळे कुणी उघडणार नाही. मराठीतच लिहिते. दापोड्याच्या शाळेत तुझं शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं होतं.

आम्ही नांदेडला जाऊन आलो. तू आला नाहीस.

बेत तुझा होता, हे आधी नोंदवून ठेवते, कारण परवापासून मला सारखं वाटतंय की तो माझाच हट्ट होता. ताईच्या हळदीला तुझे पप्पा पहिल्या पंगतीत बसले होते. आमचे भाडेकरू होते, तरी शेजारी म्हणून त्यांना पहिलं आमंत्रण गेलं होतं. मुलाकडची माणसं अचानक वाढली, जागा पुरेना, आणि भाऊंनी, स्वतः नवरीच्या बापाने, वाढलेल्या ताटावरून त्यांना उठवलं. 'सरदारजी, तुम्ही घरचेच, नंतर बसा' असं म्हणाले म्हणे. घरचेच, म्हणजे उठवायला सोपे. तुझे पप्पा हात धुऊन निघाले आणि आठवड्याच्या आत तुमच्या सगळ्या गाड्या आमच्या गोदामातून हलल्या. तेव्हापासून दोघं धामणकर नाक्यावर समोरासमोर आले तरी दुकानांच्या पाट्या वाचत जातात. तूच म्हणालास की हे घरात बोलून सुटणार नाही. दोघांना नांदेडला लंगरमध्ये शेजारी बसवू, तिथे कुणी कुणाला उठवत नाही. वाक्य तुझं आहे. मला ते इतकं पटलं की मी शुक्रवारची रजा टाकली, यात्री निवासात खोल्या घेतल्या आणि भाऊंना सांगितलं की आक्काला गुरुद्वारा बघायचाय.

आक्काने असं काही म्हटलं नव्हतं. भाऊंची ही थोरली बहीण देवाला जाते ती एकवीरेला, आणि तिथूनही भांडून परत येते. पण भाऊंनी एकही प्रश्न विचारला नाही. उलट निघायच्या आदल्या दिवशी तिला बजावलं की तुझी मिश्रीची डबी घरी ठेव, त्यांच्यात तंबाखू चालत न्हाय. मला वाटलं, बरं झालं, माहिती आहे. त्यांना हे कसं माहीत, हा प्रश्न मला पडायला हवा होता. आमण्याला समृद्धीवर गाडी चढली तेव्हाच आक्काने जाहीर केलं की मिश्रीशिवाय तिचं डोकं चालत नाही, आणि नांदेडपर्यंत तिने ते सिद्ध करून दाखवलं. बोगद्यात तिला अंधार जास्त वाटला, जालन्यात चहा पाणचट लागला, परभणीच्या रस्त्याला तिने माझ्या लग्नाचा विषय काढला. भाऊ गाडी चालवत राहिले. मी दर तासाला फोन बघत होते. तुझा मेसेज होता, 'निघतोय'.

शनिवारी दुपारी पहिल्यांदा लंगरला बसलो. भाऊंनी फाटकाबाहेर केशरी पटका विकत घेऊन डोक्याला बांधला होता. खाली बसताना त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि शेजारी सतरंजीच्या पट्टीवर पसरला. एसटीत टाकतात तसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी माणसं आहेत, कुणी कुणाला गाव विचारत नाही, जो येतो तो पुढच्या जागी बसतो, आणि आमचे भाऊ तिथे रुमाल टाकून जागा धरताहेत. एक तरुण सेवादार आला. त्याला वाटलं डोक्याचा रुमाल पडला, त्याने उचलून भाऊंच्या हातात दिला. भाऊंनी परत पसरला. तेव्हा तो खाली वाकून हळूच, चक्क मराठीत म्हणाला, 'बाबा, इथं जागा धरत नाहीत. जो येईल तो बसेल.' भाऊंनी मान हलवली. रुमाल उचलला. मग स्वतः आक्काच्या अंगावर इतके सरकले की शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सुटली. आक्का म्हणाली, 'माझ्या मांडीवरच बस आता.' त्या जागेवर एक हिंगोलीचा म्हातारा येऊन बसला. भाऊंनी त्याच्या ताटात पोळी पडेपर्यंत स्वतः घास घेतला नाही.

मी हे सगळं वैतागून बघत होते. मला वाटत होतं की भाऊंना गावकीची सवय सुटत नाही, जिथे जातील तिथे चार माणसांची जागा अडवायची. तेवढ्यात तुझा मेसेज आला की पप्पांना ताप भरलाय, आज निघता येणार नाही, उद्या सकाळी नक्की पोचतो. मी 'काळजी घे' असं लिहिलं.

तासाभराने गोदामं सांभाळणाऱ्या मनोजचा फोन आला, शटरच्या किल्लीसाठी. भाऊ आंघोळीला गेले होते, म्हणून मी घेतला. त्याच्या मागे कुणीतरी मोठ्याने ओरडत होतं. मी विचारलं, एवढा कसला आवाज. मनोज म्हणाला, 'ते बलदेवसिंग सरदारजी. बाजूच्या गोदामात माल भरतायत, ड्रायव्हरची वाट लावलीय सकाळपासून. ट्रकवर स्वतः चढलेत.'

तुझे पप्पा! मी फोन खाली ठेवला. गुरबीर, मी रॅकवर किती भार ठेवायचा ते ठरवून देते. आकडा चुकला तर कुणाच्या तरी डोक्यावर माल येतो. म्हणून एका खुणेवरून निष्कर्ष काढायची मला सवय नाही. ताप उतरला असेल, अशी शक्यताही मी धरून पाहिली. पण सकाळपासून ट्रकवर चढलेल्या माणसाला दुपारी ताप भरून नांदेड रद्द होत नाही. म्हणजे नांदेडचं त्यांना माहीतच नव्हतं. तू त्यांना विचारलंच नव्हतंस. शुक्रवारी 'निघतोय' लिहिलंस तेव्हा तू कुठे होतास, हे मी विचारणार नाही. उत्तर ऐकून माझं काही वाढणार नाही.

मी तेव्हाच परत निघायला हवं होतं. पण कारण काय सांगणार? संध्याकाळी आरतीला आक्का खूश झाली, दिवे बघून तिला मिश्रीचा विसर पडला. रविवारी सकाळी भाऊ आमच्या आधी तयार होऊन बसले होते, धुतलेला सदरा, पटका नीट बांधलेला. पंगतीत बसताना या वेळी रुमाल त्यांनी काढला नाही. नुसते सरकून बसले आणि दाराकडे बघत राहिले. मी जरा तोडूनच म्हटलं की भाऊ, जेवा ना, कुणी यायचंय का? ते म्हणाले, 'कोन येनार?' आणि जेवले. शेजारची जागा एका लहान मुलीच्या आईने घेतली. मला राग तुझा होता, निघाला त्यांच्यावर. परतीच्या वाटेवर मी जालन्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

आमण्याला उतरलो तेव्हा आक्का मागे झोपली होती. भाऊंनी गाडी बाजूला घेतली. मला म्हणाले की तू दर बुधवारी अंबाडीला गोदामाची साईट बघायला जातेस ना, अंबाडीला गोदाम कोण बांधतंय आणि तू तिथे कुणाला भेटतेस, ते मला माहीत नसेल असं तुला वाटलं कसं. मग म्हणाले की पोरगा चांगला आहे, लहानपणी आपल्या ओट्यावर अभ्यास करायचा. आणि मग, समोर बघत, 'मी त्या मानसाला ताटावरून उठवला. येकदा माझ्या शेजारी बसला असता तं बरा झाला असता. त्याला सांगितलाच न्हाय, का मी हाय म्हनून आला न्हाय?'

रुमाल कुणासाठी होता, ते मला तिथे कळलं. दोन दिवस मी ज्याची लाज बाळगली तो रुमाल.

आणि मी काय केलं, तर तुझंच वाक्य उचलून त्यांना दिलं. म्हटलं, यायचेच होते, पण त्यांना ताप आला. खरं सांगितलं असतं तर तू त्यांच्या नजरेतून उतरला असतास, आणि तुला अजून एक संधी द्यावी असं मला त्या क्षणी वाटलं. भाऊंचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणाले, 'ताप हाय तं बघाय जायाला पायजे.'

हे पत्र त्यासाठी आहे. भाऊ गुरुवारी तुझ्या पप्पांना बघायला धामणकर नाक्यावरच्या तुमच्या ऑफिसात येणार आहेत; ताप असला तरी सरदारजी ऑफिस सोडणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. प्रसादाचं पाकीट त्यांनी देव्हाऱ्यात वेगळं काढून ठेवलंय, आज केळी आणि मोसंबीसुद्धा सांगून ठेवली. आजच निघाले होते. मी आधी घरात प्रसाद वाटू म्हणून तीन दिवस थोपवलं, त्याहून जास्त मला जमणार नाही. तेव्हा बुधवारपर्यंत तू पप्पांना सगळं सांग: नांदेड, आपलं, आणि भाऊ तिथे कुणाची वाट बघत बसले होते ते. ते चिडले तरी चालेल, भाऊंना रागाची तयारी आहे. सांगणं तुझ्याच्याने होणार नसेल तर तेवढं एका ओळीत मला कळव. मी भाऊंना सांगेन की ताप खोटा होता, आणि मग ते येणार नाहीत, पुन्हा कधीच येणार नाहीत, मीही नाही. पण हातात फळांची पिशवी घेऊन भाऊ तुमच्या दारात उभे राहतील, सगळ्या कारकुनांसमोर विचारतील की आता बरं वाटतंय का, आणि तुझे पप्पा म्हणतील, कसला ताप, एवढं मी होऊ देणार नाही.

बुधवारपर्यंत तरी तुझीच,
भाविका